क्लॅम्पसाठी ट्रॉली करू, की भिंत गाठू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नाशिकचे एक वाचक लिहितात. साठी नुकतीच ओलांडली आहे. निवृत्तीनंतर सुतारकामाचा नाद लागला. कामाची जागा म्हणजे रो-हाउसचं झाकलेलं पार्किंग, 11 बाय 16 फूट. दिवसभर तिथे काम चालतं. संध्याकाळी सातला मुलगा ऑफिसातून येऊन कार आत घेतो, त्याआधी सगळं जिन्याखाली सरकवावं लागतं. तीन वर्षांत 34 क्लॅम्प (गोंद लावलेला जोड सुकेपर्यंत आवळून धरणारे शिकंजे) जमले: पाइप क्लॅम्प 8 (चार फुटी 4 आणि तीन फुटी 4), सहा फुटी सॅश क्लॅम्प 2, एफ-क्लॅम्प 10, जी-क्लॅम्प 8 आणि एका हाताने आवळायचे क्विक क्लॅम्प 6. काही लोखंडी रॅकवर आहेत, काही पोत्यात. हवा असलेला क्लॅम्प वेळेवर सापडत नाही. आता 60 क्लॅम्प मावतील अशी सहा फूट उंच, दोन्ही बाजूंनी उतरती, चाकांची ट्रॉली दोन प्लायच्या शीटमधून करायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड करून घ्या. भिंतीवर टांगायचं तर भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि ड्रिलच्या आवाजावरून एकदा कुरबुर झाली आहे. पत्नी म्हणते, ‘मुलीचं पुस्तकांचं शेल्फ दिवाळीपासून राहिलंय आणि तुम्ही क्लॅम्पना घर बांधताय.’ मागच्या महिन्यात रॅकवरून सहा इंची जी-क्लॅम्प घसरला आणि सहा वर्षांच्या नातीच्या पायाशेजारी पडला. तर ट्रॉली करू, भिंतीवर टांगू, की लोखंडी स्टँड घेऊ?

नमस्कार,

नातीच्या पायाशी पडलेल्या क्लॅम्पची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितली आहे. मी तिथूनच सुरुवात करतो. सहा इंची ओतीव जी-क्लॅम्प दीड-दोन किलोचा असतो. पाच फुटांवरून तो लहान मुलाच्या पायावर पडला तर हाड मोडू शकतं. ट्रॉली व्हायला महिना लागेल, भिंतीचं ठरायला दोन महिने लागतील. तोवर थांबू नका. आज संध्याकाळी आवराआवर करताना रॅकवरचे सगळे जड क्लॅम्प खाली घ्या. भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट बाजारात कुठेही मिळतं, त्यात भरा आणि क्रेट जमिनीवर ठेवा. देखणं दिसणार नाही, पण खाली पडायला काही उरणार नाही. मग पुढचं सावकाश ठरवू.

आता तुमचा प्रश्न. तीन पर्यायांपैकी एक निवडून द्या असं तुम्ही म्हणता. पण पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं की तिन्ही पर्यायांच्या मुळाशी तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात: सगळे क्लॅम्प एकाच जागी असले पाहिजेत. ते तसं का, हे तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं स्वतःला विचारलंही नाही.

क्लॅम्प हाताशी का हवा असतो? फेविकॉल लावल्यावर हातात वेळ नसतो म्हणून. पांढरा गोंद लाकडावर पसरला की जोड जुळवून आवळायला पाच ते दहा मिनिटं मिळतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये, दुपारी, पार्किंगमध्ये त्याहूनही कमी. त्या दहा मिनिटांत लागणारे आठ-दहा क्लॅम्प हात लांबवला की मिळाले पाहिजेत. बाकीचे चोवीस कुठे आहेत याने त्या वेळी काहीच फरक पडत नाही. चाकं हवीत ती या आठ-दहांना. वर्षातून दोनदा दाराच्या चौकटीसाठी लागणाऱ्या सहा फुटी सॅश क्लॅम्पना रोज संध्याकाळी जिन्याखाली फिरवून आणायची गरज नाही.

माझे वडील कोल्हापुरात सुतारकाम करायचे. फेविकॉल 1959 मध्ये बाजारात आलं, पण आमच्याकडे ते रुळेपर्यंत वडील सरसच (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) वापरत. सरस गरम लावायचा आणि निवायच्या आत जोड आवळायचा, म्हणजे वेळ आणखी कमी. त्यांच्याकडे लोखंडी शिकंजे होते फक्त चार. बाकी काम दोरी आणि पाचर. टेबलाचा पाट जोडायचा तर जाड फळीच्या दोन टोकांना आडवे ठोकळे ठोकत, मध्ये जोडायच्या फळ्या ठेवत आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी समोरासमोरून ठोकत. पाचरी एकमेकींवर चढत जात आणि जोडातून सरसाची बारीक रेघ बाहेर येई. ती रेघ सगळ्या लांबीत सारखी आली की वडील हातोडी खाली ठेवत. पाचरींची पिशवी नेहमी त्यांच्या उजव्या हाताला, जमिनीवर. ती पिशवी म्हणजे त्यांची ट्रॉली. हे जुने दिवस आळवायला सांगत नाही. तुम्हाला सहा-आठ फुटी क्लॅम्प आणखी हवेत असं पत्रात आहे, तर ते विकत घेण्याआधी टाकाऊ सागवानाच्या पट्ट्यांतून अशा पाचरीच्या तीन चौकटी करून बघा. क्वचित लागणाऱ्या मोठ्या लांबीला त्या छान चालतात, आणि काम झालं की मोडून ठेवता येतात.

यावरून तुमच्या 60 च्या आकड्याकडे येतो. आज 34 आहेत, पुढे वाढतील, म्हणून 60 ची सोय. गेल्या वर्षभरात क्लॅम्प कमी पडले म्हणून कोणतं काम अडलं, ते आठवून लिहून काढा. माझा अंदाज आहे की कामं अडली ती क्लॅम्प वेळेवर सापडला नाही म्हणून. आवळलेल्या क्लॅम्पचा दाब लाकडात दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांत पसरत जातो. म्हणून क्लॅम्प आणि लाकूड यांच्यामध्ये रुंद, जाड पट्टी ठेवली की तोच क्लॅम्प जास्त लांबी सांभाळतो. तीन फुटी पाट जोडायला चार-पाच पाइप क्लॅम्प पुरतात. तुमच्याकडे आठ आहेत.

एक प्रयोग सुचवतो, पैसे लागत नाहीत. लाल दोऱ्याचं एक रीळ घ्या. पुढचा महिना जो क्लॅम्प वापराल त्याच्या दांड्याला दोऱ्याची एक गाठ बांधा, प्रत्येक वापराला एक. आणि हा महिना नुसता वाट बघण्यात घालवू नका, मुलीचं शेल्फ याच महिन्यात करा. शेल्फमध्ये उभ्या बाजू, आडवे कप्पे, पाठीची फळी, समोरची पट्टी असं सगळं येतं, म्हणजे जवळपास प्रत्येक जातीचा क्लॅम्प लागतो. शेल्फ घरात लागेल तेव्हा कोणत्या क्लॅम्पला चाकं हवीत हे गाठी मोजून कळेल. वहिनींच्या बोलण्यात राग असेल, पण मुद्दा बरोबर आहे. अवजारांची सोय कशी हवी हे काम करतानाच समजतं. शेल्फच्या आधी केलेली ट्रॉली तुम्ही अंदाजाने कराल. शेल्फनंतर केलेली ट्रॉली स्वतःचा हात कुठे जातो ते बघून कराल.

तरी ट्रॉली करूच नका असं माझं म्हणणं नाही. तुमच्या जागेत रोज संध्याकाळी कार येते, म्हणजे चाकांची गरज खरी आहे. पण आराखडा बदलायला हवा.

आराखड्यात उंची सहा फूट आहे. त्याच पत्रात पुढे लिहिलंय की जिन्याखाली पुढच्या बाजूला 5 फूट 2 इंच जागा आहे आणि आत ती कमी होत जाते. म्हणजे ही ट्रॉली जिथे रात्र काढणार तिथे ती शिरतच नाही. शिवाय सहा फुटांत चाकं धरलेली नाहीत. चार इंची चाक म्हणजे फक्त चाकाचा व्यास चार इंच, वरची पट्टी आणि बेअरिंग धरून त्याची उंची पाच इंचांच्या आसपास जाते. हे भल्याभल्यांकडून राहतं, कारण कागदावर चाक म्हणजे एक छोटा गोल असतो.

उंची इतकी आली कुठून? सहा फुटी सॅश क्लॅम्पमुळे. दोन नगांसाठी अख्खी ट्रॉली उंच झाली. त्या दोघांना ट्रॉलीतून काढा. ते तुमच्या कामाच्या टेबलाखाली, टेबलाच्या लांबीत, दोन लाकडी कंसांवर आडवे ठेवा. टेबल सहा फुटांहून लहान असेल तर जिन्याच्या आतल्या बाजूला, जमिनीलगत. आता ट्रॉलीतला सगळ्यात लांब क्लॅम्प चार फुटी राहिला आणि एकूण उंची 4 फूट 8 इंचांत बसते.

दुसरी गोष्ट वजनाची. चार फुटी पाइप क्लॅम्प साडेतीन किलोच्या आसपास भरतो, कारण पाऊण इंची पाइपच मीटरला दीड किलोहून थोडा जास्त असतो आणि वर दोन ओतीव जबडे. तुमचे सगळे 34 मिळून अंदाजे 65 किलो होतील. अंदाजावर राहू नका. घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग क्लॅम्पची पिशवी घेऊन उभे राहा आणि फरक लिहून ठेवा. प्लायचं काय? 18 मिमीची 8 बाय 4 ची एक शीट 30 ते 35 किलो असते. दोन शीटची ट्रॉली म्हणजे रिकामीच 65 किलो. जितकं सामान तितकंच वजन त्याच्या घराचं. रोज संध्याकाळी ते तुम्हालाच ढकलायचंय.

तिसरी गोष्ट पलटण्याची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी पहिली ट्रॉली पलटली होती. उंच, देखणी, सगळे पाइप क्लॅम्प एका बाजूला ओळीने लावलेले. मी ती वरून, खांद्याच्या उंचीला धरून ढकलत होतो. पुढचं चाक पाण्याच्या जाळीत अडकलं. खालचा भाग थांबला, वरचा थांबला नाही. दोन सॅश क्लॅम्पचे स्क्रू वाकले. जवळ कोणी नव्हतं म्हणून बरं.

त्या दिवशी केलेला हिशेब तुमच्या आराखड्याला लावून बघा. तळाची रुंदी 24 इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 12. चाकं कडेपासून दोन इंच आत बसवली की राहिले 10. फिरतं चाक आतल्या बाजूला वळलं की आणखी दीड इंच गेला, उरले साडेआठ. सहा फुटी ट्रॉलीत सगळे जड जबडे वर, त्यामुळे गुरुत्वमध्य 40 इंचांच्या आसपास. अशी ट्रॉली फक्त 12 अंश कलली की उलटते. म्हणजे एका बाजूची चाकं साडेतीन इंच उचलली जायचा अवकाश. तोच गुरुत्वमध्य 26 इंचांवर आणला तर ती 18 अंशांपर्यंत तग धरते. सहा अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण चाक अडकतं तेव्हा तोच वाचवतो. आणि हे दोन्ही बाजूंना वजन सारखं असताना. एका बाजूचे क्लॅम्प कामाला घेतले आणि दुसरी बाजू भरलेली राहिली तर हे आकडे आणखी खाली येतात.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर अशी ट्रॉली केली असती. तळ 30 बाय 24 इंच. बाजूंची उंची 50 इंच, खाली 24 इंच रुंद आणि वर साडेसहा. दोन्ही बाजूंना साधारण 10 अंशांचा उतार येतो. एवढ्या उतारावर क्लॅम्प स्वतःच्या वजनाने टेकून राहतात, ट्रॉली हलवताना लंबकासारखे झुलत नाहीत. सहा सूत (18 मिमी) प्लाय घ्या, आणि पावसाची झड पार्किंगमध्ये येत असेल तर साधा एमआर ग्रेड (फक्त दमट हवा सोसणारा) न घेता बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणारा) घ्या. दोन्ही आयएस 303 या भारतीय मानकातच येतात, शिक्का बघून घ्या. आयएस 710 चा मरीन प्लाय इथे लागत नाही. एका शीटमध्ये काम होतं, मात्र करवत लावण्याआधी कागदावर आखून बघा. दोन्ही निमुळत्या बाजू एक उलटी, एक सुलटी शेजारी आखल्या की बरंच लाकूड वाचतं. तळाला दोन थर एकमेकांना गोंदाने चिकटवा, म्हणजे चाकांच्या बोल्टला पकड मिळेल. चाकं स्क्रूवर बसवू नका, आरपार बोल्ट आणि नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट. प्लायच्या कडेत घुसवलेला स्क्रू थर फाकवतो, म्हणून जिथे कडेत स्क्रू घालावाच लागेल तिथे आधी बारीक भोक पाडा आणि जोडाला गोंद लावा.

दोन बाजूंच्या मध्ये जी पोकळी राहते तिचा उपयोग करा. खालच्या कप्प्यात फेविकॉलचा डबा, ब्रश, बटर पेपर, दाबाच्या पट्ट्या आणि आठही जी-क्लॅम्प एका खोक्यात. गोंद लावताना लागणारं सगळं एकाच ठिकाणी येतं आणि जवळजवळ वीस किलो वजन चाकांना लागून खाली बसतं. बटर पेपर विसरू नका. ओल्या गोंदातून लोखंड सागवानाला किंवा बाभळीला टेकलं की लाकडातलं टॅनिन आणि लोह मिळून काळा डाग पडतो, आणि तो रंध्याने दोन-तीन हात मारल्याशिवाय जात नाही.

पाइप क्लॅम्पसाठी वरच्या आडव्या पट्टीत खाचा करा. पाऊण इंची पाइप म्हटलं तरी त्याचा बाहेरचा व्यास जवळपास 27 मिमी असतो, तेव्हा खाच 30 मिमीची, दीड इंच खोल. खाचेचा तळ आतल्या बाजूला थोडा उतरता ठेवा, नाहीतर टाइलवरून जाताना पाइप उड्या मारत बाहेर येतात. दोन खाचांमधलं अंतर कोणाच्या आराखड्यातून घेऊ नका. तुमचे दोन क्लॅम्प टेबलावर शेजारी ठेवा, मधून बोटं घालून एक उचला, आणि सहज उचलता येईल तेवढं अंतर धरा. बहुतेक तीन इंच येईल. आठ पाइप क्लॅम्प चार-चार करून दोन्ही बाजूंना वाटा. एफ-क्लॅम्प आणि क्विक क्लॅम्पसाठी खाचा करत बसू नका. मधल्या आडव्या पट्टीलाच ते हलके आवळून ठेवा, ते कुठेही जात नाहीत. पाइपांच्या ओळीवरून, अर्ध्या उंचीला, स्कूटरच्या कॅरिअरला लावतात ती हुकवाली इलॅस्टिक दोरी ताणून अडकवा. नात जवळ असेल तेव्हा ही दोरी सुटी नको. आणि तिला एका बाजूने वर चढता येईल असे कप्पे शिडीसारखे उघडे ठेवू नका. जिन्याखाली भिंतीला एक कडी आणि ट्रॉलीला एक साखळी, रात्री अडकवून टाकायची. या कडीपुरतं एक भोक पाडावं लागेल, ते शेजाऱ्यांना विचारून दुपारी पाडा.

चाकांवर कंजुषी करू नका. तुमच्याकडे खडबडीत पार्किंग टाइल्स आहेत आणि पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला उतार. दोन इंची चाक त्या खाचांत अडकतं. चार इंची घ्या, रबर किंवा पॉलियुरेथेनचं. नायलॉनचं चाक हलकं चालतं, पण अशा टाइलवर एवढा खडखडाट करतं की शेजाऱ्यांची पुढची तक्रार त्याचीच येईल. दोन चाकं सरळ आणि दोन फिरती, फिरत्यांना ब्रेक. चारही फिरती घेतली तर उतारावर ट्रॉली स्वतःच दिशा ठरवते. वजनाचा हिशेब चारने भागून करू नका. फरशी कधीच सपाट नसते, एक चाक बहुतेक वेळा अधांतरी असतं, म्हणून तीनने भागा. भरलेली ट्रॉली 85 ते 90 किलोची झाली तर चाकामागे 30 किलो येतात. 50 किलो क्षमतेची चाकं घेतली की निर्धास्त. चाकं तळाच्या अगदी कडेला, कोपऱ्यात बसवा, आणि ढकलायची मूठ कमरेच्या उंचीला लावा, वर नाही.

मुलाच्या सूचनेबद्दल. लोखंडी स्टँड मजबूत होतो, दोन दिवसांत हातात येतो, आणि ज्यांना ट्रॉली करण्यापेक्षा फर्निचर करण्यात रस आहे त्यांनी तोच घ्यावा. फक्त पहिल्याच वेळी सगळी मापं बरोबर द्यावी लागतात. तुम्हाला अजून स्वतःची मापं माहीत नाहीत. लाकडी पट्टी चार स्क्रू काढून दोन इंच वर नेता येते, वेल्डिंग केलेला अँगल नेता येत नाही. दोन वर्षं लाकडी ट्रॉली वापरून मापं पक्की झाल्यावर लोखंडात करून घ्यायची असेल तर जरूर घ्या.

भिंत खरं तर सगळ्यात चांगली. ज्या वाचकांची जागा कायमची आहे, जिथे रोज कार येत नाही, त्यांनी चाकांच्या नादाला लागूच नये. टेबलामागच्या भिंतीवर 45 अंशांत चिरलेल्या पट्ट्यांची जोडी लावा, एक भिंतीला, एक क्लॅम्पच्या फळीला, आणि हवी तशी फळी सरकवा. भिंत विटांची आहे की हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची, हे मात्र आधी बघा. हलक्या ब्लॉकमध्ये स्क्रूसाठी ठोकतात ती साधी गिट्टी (प्लग) वजनाने निघून येते, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. आणि फ्लॅटच्या बाल्कनीत काम करणाऱ्यांनी ट्रॉलीऐवजी दोन कडांची उभी फळी करावी, दाराच्या मागे टेकून ठेवता येईल अशी. तिथे जमिनीचा प्रत्येक इंच पायाला हवा असतो.

पावसाळ्याचं एक राहिलं. जिन्याखालची जागा सहसा ओलसर असते. जूनच्या आधी पाइप आणि स्क्रूच्या आट्या कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात द्या. तेल नको, ते लाकडाला लागतं आणि मग पॉलिश धरत नाही. जुने कारागीर हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवत. तुमच्या जी-क्लॅम्पच्या खोक्यात ती ठेवायला हरकत नाही, फक्त नातीच्या हाताला लागणार नाही अशी.

प्लाय आणायच्या आधी एक करा. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा दुकानदाराकडून मागून आणा आणि 30 बाय 24 बाय 56 इंचांचा खोका चिकटपट्टीने उभा करा. संध्याकाळी मुलाला कार नेहमीच्या जागी लावायला सांगा. मग तो खोका टेबलापासून जिन्याखालपर्यंत ढकलत न्या: कारच्या आरशाजवळून, पायरीच्या कोपऱ्यावरून, आत. जिथे घासेल तिथे पुठ्ठा कापा आणि पुन्हा न्या. शेवटी उरेल ते तुमच्या ट्रॉलीचं माप. ते माझ्या आकड्यांपेक्षा वेगळं आलं तर तुमचं धरा. आणि शेल्फ लागल्यावर कोणत्या क्लॅम्पला किती गाठी पडल्या, ते मला नक्की कळवा.